व्हिक्टर विकायला काढतोयस तर

पाम बीच रोडवरचे झगमग फोटो नंतर. बीएसए व्हिक्टरसारखी जुनी ब्रिटिश मोटरसायकल घेणारा जाणकार आधी इंजिन आणि फ्रेम नंबर विचारतो. दोन्हींचे जवळून फोटो काढ आणि आरसी बुकाशी जुळवून बघ. एखादा आकडा चुकला असेल, तर वाशी आरटीओत निस्तरून मगच भाव बोल. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फ्रेम किंवा इंजिनात मोठे बदल असतील तर नाही. म्हणून रिस्टोअर करताना काय काय बदललंस ते लिहून दे, अगदी स्पोक-मडगार्डसकट.

जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ ला बीएसएवर मोटोक्रॉसचं जगज्जेतेपद मिळवलं, ४४१ सीसीची व्हिक्टर त्याच घराण्यातली. हे एकदाच सांग, गिऱ्हाइकाला पाठ असतं.

तो यायच्या आधी गाडी गरम करून ठेवू नकोस. थंड इंजिनला त्याच्यासमोर किक मार. सायलेन्सर कोमट लागला, की मनातल्या मनात भाव पाडलाच म्हणून समज. तेलाचा थेंब गळाला तर लपवू नकोस, ब्रिटिश गाडी आहे, गळायचीच! मालकी बदलाच्या फॉर्म २९-३० वर सही मात्र पैसे खात्यात आल्यावरच.