कार्यक्रमपत्रिका नाही, तरी साहेब पाठवतील?

वाचकांचे प्रश्न : नोकरी आणि कामकाज

प्रश्न : सांगलीत विश्रामबागला १४ जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टिंगचं काम करते. पुण्यात एका शनिवारी टेस्टर मंडळींची अनकॉन्फरन्स (आधी विषय न ठरवता भरणारा मेळावा) आहे. प्रवेश फुकट आहे, पण जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च कंपनीने द्यावा असं वाटतं. सर म्हणाले, ‘वक्ते कोण आहेत? आधी कार्यक्रमपत्रिका दाखव.’ ती तर नाहीच! काय सांगू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कार्यक्रमपत्रिका नाही हे झाकू नका, उलट मागणीचा मुख्य मुद्दा तोच करा. नेहमीच्या परिषदेत विषय आयोजक ठरवतात आणि तेही काही महिने आधी. इथे ते त्याच दिवशी सकाळी, पहिल्या तासाभरात, जमलेली माणसं ठरवतात. भिंतीवर कोरा तक्ता असतो, त्यावर खोल्या आणि वेळा आखलेल्या असतात. ज्याला विषय मांडायचा तो पुढे येतो, अर्ध्या मिनिटात सांगतो आणि कागद एका चौकोनात चिकटवतो. त्यासाठी त्या विषयातलं जाणकार असावं लागत नाही. ‘आमचं इथं अडलंय, कुणी सोडवलंय का?’ एवढाही विषय चालतो, आणि बरेचदा त्याच खोलीत गर्दी होते. थोडक्यात, तुमच्या कंपनीचं दुखणं तुम्ही स्वतः पत्रिकेवर चढवू शकता. हजारो रुपये फी भरून गेलेल्या परिषदेत ही सोय नसते.

ही हौशी पोरांची टूम आहे असं सरांना वाटत असेल, तर सांगा की हॅरिसन ओवेन यांनी अशा मेळाव्यांची ‘ओपन स्पेस’ ही पद्धत १९८५ मध्ये सुरू केली. पहिला बारकॅम्प, म्हणजे तंत्रज्ञान क्षेत्रातल्या मंडळींची अशीच अनकॉन्फरन्स, २००५ मध्ये अमेरिकेत पालो आल्टोला झाला. यापेक्षा जास्त इतिहास सांगू नका, सरांना त्यात रस नसतो.

आता कागद तयार करा. एकच पान. वर तुमच्या कामातले तीन प्रश्न लिहा, तेही नेमके. ‘ऑटोमेशन शिकायला मिळेल’ असं लिहिलंत तर अर्ज तिथेच संपला. त्याऐवजी असं लिहा : ‘प्रत्येक रिलीजच्या आधी रिग्रेशनला (जुनं काही बिघडलं नाही ना, या फेरतपासणीला) दोघांचे दोन दिवस जातात. ते एका दिवसावर कसे आणायचे?’ किंवा ‘रात्री चालणाऱ्या टेस्टपैकी काही कोड न बदलताही कधी पास, कधी फेल होतात. कारण कसं शोधायचं?’ पहिल्या प्रश्नातले मनुष्यदिवस सर स्वतःच पगाराशी गुणतील, तुम्ही गुणून दाखवायची गरज नाही. त्याखाली लिहा की यांपैकी एक विषय मी तक्त्यावर मांडणार आहे.

आयोजकांना निरोप पाठवून मागच्या वेळच्या भरलेल्या तक्त्याचा फोटो मागवा. बहुतेक जण तो काढून ठेवतात. कार्यक्रमपत्रिकेच्या जागी हाच फोटो जोडायचा. मागच्या वेळी किती माणसं आली आणि कोणत्या प्रकारच्या कंपन्यांतून आली, तेही विचारून घ्या.

मग खर्च. सांगली ते पुणे सुमारे २३० किलोमीटर, रस्त्याने साडेचार-पाच तास. सर हमखास म्हणतील, ‘पहाटेच्या गाडीने जा, लॉज कशाला?’ याचं उत्तर तयार ठेवा : पाचला निघून स्वारगेटला उतरेपर्यंत दहा वाजतात, तोवर तक्ता भरलेला असतो आणि आपला विषय राहून जातो. ज्या कामासाठी जायचं तेच हुकतं. मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने लॉज वाचेल, पण ती पुण्याला भलत्या वेळी, मध्यरात्र उलटल्यावर उतरवते. बाईमाणसाने एकटीने स्टेशनवर उजाडण्याची वाट बघावी हे कुणीच सुचवू नये. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी निघायचं आणि एक रात्र राहायचं. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, तो आकडा तसाच लावा. मागणी काटकसरीची दिसते आणि ती तशी आहेच. समजा तिकीट, रिक्षा, एक रात्र आणि जेवणं मिळून साडेतीन हजार होत असतील, तर साडेतीनच लिहा. ‘अंदाजे पाच हजार’ असा गोल आकडा पाहिला की पाहणारा आधी तो निम्मा करतो.

अर्जाचा मजकूर साधारण असा :

‘मा. सर, अमुक तारखेला (शनिवार) पुण्यात टेस्टिंगवरील अनकॉन्फरन्सला कंपनीतर्फे जाण्याची परवानगी मिळावी. सोबत आपले तीन प्रश्न, मागील वेळच्या विषयांचा तक्ता आणि खर्चाचा तपशील जोडला आहे. शुक्रवारी दुपारी चारनंतरचं माझं काम अमुक सहकारी पाहतील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. परतल्यावर बुधवारपर्यंत एक पानी टिपण देईन आणि सर्वांसाठी वीस मिनिटं माहिती सांगेन.’

अर्जात ‘नेटवर्किंग’ हा शब्द नको. सरांच्या कानाला तो ‘दुसरी नोकरी शोधायला चालले’ असा ऐकू येतो. अर्ज तीन-चार आठवडे आधी द्या; रिलीजच्या आठवड्यात किंवा महिनाअखेरीला बिलिंगची घाई असताना दिलात तर नकारच मिळेल, आणि तो तुमच्या मुद्द्याला नसेल, वेळेला असेल. पैसे उचल म्हणून मिळणार की नंतर बिलं दाखवून, हे अकाउंट्सला आधीच विचारा. लॉजचं बिल कंपनीच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह घ्या. रिक्षाची पावती मिळत नाही, त्यासाठी सही केलेलं व्हाउचर चालेल का तेही विचारून ठेवा. खर्चाचे वाद बहुतेक या दीडशे रुपयांवरून होतात.

पूर्ण रक्कम नाकारली तर राहण्याची सोय नातेवाइकांकडे करून फक्त प्रवासखर्च मागा. पहिल्या वेळी एवढं पुरे. टिपण चांगलं दिलंत तर पुढच्या वेळी बोलायला आधार राहतो.

प्रश्न : साताऱ्याच्या एमआयडीसीत मी मेंटेनन्सला आहे. पीएलसीवर (यंत्रं आपोआप चालवणाऱ्या कंट्रोलरवर) काम करणाऱ्यांचा असाच अनौपचारिक मेळावा पुण्यात रविवारी आहे. साहेब म्हणतात, ‘जा की, पण खर्च तुझा आणि सुट्टीही तुझी.’ भांडावं का?

उत्तर : पैशासाठी भांडू नका. साताऱ्याहून पुणे ११० किलोमीटरच्या आसपास, सकाळी लवकर निघून रात्री घरी येता येतं. राहण्याचा प्रश्न नाही. तिघे-चौघे एका गाडीतून गेलात तर आणेवाडी आणि खेड-शिवापूरचा टोल व डिझेल वाटून घ्या. मागायचं ते ‘ऑन ड्युटी’. रविवार खर्ची पडतो म्हणून बदली सुट्टी, आणि कंपनीने पाठवलं असल्याची दोन ओळींची लेखी नोंद. वाटेत काही अपघात झाला तर तुम्ही कामासाठी गेला होता की फिरायला, हा पहिला प्रश्न येतो, तेव्हा ती नोंद उपयोगी पडते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘ओके’ काहीच नसण्यापेक्षा बरा, ईमेल त्याहून बरा.

प्रश्न : कुपवाडला माझं मशीन शॉप आहे. डिझाइनचा एक मुलगा अशा मेळाव्याला पाठवा म्हणतो. तिथून त्याला कुणी पळवला तर? शिवाय आमची ड्रॉइंग बाहेर गेली तर? बॉण्ड लिहून घ्यावा का?

उत्तर : एका दिवसाच्या प्रवासखर्चासाठी बॉण्ड हास्यास्पद दिसेल, आणि मुलगा त्याच दिवसापासून बायोडेटा नीट करायला घेईल. ‘सोडून गेल्यावर दुसरीकडे नोकरी करायची नाही’ असं लिहून घेतलंत तरी भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे ते टिकत नाही. ज्याला जायचंय त्याला फोनवरूनही नोकरी मिळते.

ड्रॉइंगची काळजी मात्र रास्त आहे. अशा मेळाव्यात तक्त्याचे, फळ्याचे फोटो सर्रास निघतात आणि चर्चेची टिपणं सगळ्यांसाठी खुली होतात. काही ठिकाणी ‘चॅटहॅम हाउस नियम’ पाळतात : ऐकलेली माहिती वापरा, पण कोण बोललं ते सांगू नका. तो आहे का ते आयोजकांना विचारून घ्या. पण नियम असला तरी ग्राहकाचं ड्रॉइंग दाखवायला मोकळीक मिळाली असं नाही. जाण्याआधी मुलाबरोबर बसून ठरवा : ग्राहकाचं नाव, दर आणि पार्ट नंबर सांगायचा नाही. लॅपटॉप नेणार असेल तर त्यावर कामाच्या फाइली नकोत. अडचण सांगताना टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणि मटेरियल सांगितलं तर चालतं, कारण त्याशिवाय कुणाला काही सुचवता येणार नाही.

आणि तिथे कुणी खोलीतून मध्येच उठून गेलं तर तो उद्धटपणा समजू नका. जिथे आपण शिकतही नाही आणि काही देतही नाही तिथून दुसऱ्या खोलीत जायचं, असा ओपन स्पेसचा नियमच आहे. मुलगा दिवसभरात दोन चर्चा अर्ध्यावर सोडून आला म्हणून टिपणात लिहील, तेव्हा त्याचे पैसे कापू नका.