किन्स्की, हर्झोग आणि 'माय बेस्ट फीन्ड' : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जर्मन नट क्लाउस किन्स्कीचं काहीच काम पाहिलेलं नाही. दिग्दर्शक वर्नर हर्झोगनं त्याच्यावर केलेला 'माय बेस्ट फीन्ड' हा माहितीपट थेट पाहिला तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण अर्धा माहितीपट हातातून निसटेल. या दोघांनी मिळून पाच चित्रपट केले : 'अग्वीरे' (१९७२), 'नोस्फेरातू' आणि 'वॉयझेक' (दोन्ही १९७९), 'फिट्झकराल्डो' (१९८२) आणि 'कोब्रा व्हेर्दे' (१९८७). किन्स्की १९९१ मध्ये गेला आणि माहितीपट आला १९९९ मध्ये. सुमारे दीड तास तो एकच तुलना करत राहतो : सेटवर काय चाललं होतं आणि पडद्यावर काय उतरलं. पडद्यावरचं माहीत नसेल, तर पाहणाऱ्याच्या वाट्याला फक्त आरडाओरडा येतो. निदान 'अग्वीरे' आणि 'फिट्झकराल्डो' आधी पाहाच. 'फिट्झकराल्डो'च्या चित्रीकरणावरचा लेस ब्लँकचा 'बर्डन ऑफ ड्रीम्स' (१९८२) हा माहितीपट मात्र नंतरच पाहा. त्यात हर्झोग स्वतः दुसऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर आहे, त्यामुळे त्याच्या निवेदनाला तोलून बघता येतं.

प्रश्न : सुरुवातच किन्स्कीच्या संतापानं होते. पुढेही तेच. एवढा राग दाखवून अभिनयाबद्दल नेमकं काय कळतं?

उत्तर : नुसत्या रागातून काहीच कळत नाही. सुरुवातीचं चित्रण १९७१ मधल्या त्याच्या येशूवरच्या एकपात्री कार्यक्रमाचं आहे. सभागृहातून टोमणे येतात आणि तो प्रेक्षकांवरच तुटून पडतो. इथे त्याच्या चेहऱ्यापेक्षा श्वासाकडे लक्ष द्या. वाक्य कुठे तोडायचं, आवाज कुठे चढवायचा, यावरचा ताबा चिडलेला असतानाही फारसा सुटत नाही.

अभिनयाबद्दल सर्वांत जास्त सांगणाऱ्या जागा मात्र शांत आहेत. पहिली जागा घंटेच्या मनोऱ्याची. 'फिट्झकराल्डो'त मुळात जेसन रॉबर्ड्स नायक होता आणि मिक जॅगर त्याचा साथीदार. सुमारे चाळीस टक्के चित्रीकरण झाल्यावर रॉबर्ड्स आमांशानं आजारी पडला, जॅगरलाही थांबणं शक्य नव्हतं, आणि सगळं नव्यानं करावं लागलं. मनोऱ्यातल्या प्रसंगाचं जुनं चित्रण आणि किन्स्कीचं चित्रण माहितीपटात एकामागोमाग येतं. रॉबर्ड्स वाईट नाही, तो माणूस म्हणून पटतो. पण नायकाचं डोंगरावरून जहाज ओढून नेण्याचं वेड किन्स्कीच्या डोळ्यांत आधीपासूनच आहे. हा तुकडा दोनदा पाहा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून.

दुसरी जागा फ्रेममध्ये येण्याच्या पद्धतीची. नट बाजूनं आत आला की आधी त्याची कड दिसते, मग तो वळतो, आणि तेवढ्यात ताण गळून जातो. म्हणून किन्स्की कॅमेऱ्याच्या तिवईला लागून उभा राहायचा, एक पाय कॅमेऱ्याजवळ रोवायचा आणि त्यावर गिरकी घेत थेट भिंगासमोर उगवायचा. हर्झोग हे छायाचित्रकार बीट प्रेसरबरोबर प्रत्यक्ष करून दाखवतो. 'अग्वीरे'त त्याचं येणं इतकं दचकवणारं का वाटतं, याचं बरंचसं उत्तर या एका पायात आहे.

प्रश्न : हर्झोगच्या किश्श्यांपैकी खरे किती? पिस्तूल रोखून अभिनय करवून घेतला, वगैरे?

उत्तर : पिस्तुलाची गोष्ट तो स्वतःच नाकारतो. किन्स्की चित्रीकरण सोडून निघाला तेव्हा गोळ्या घालण्याची धमकी दिली, पण हातात शस्त्र नव्हतं, असं त्याचं म्हणणं आहे.

बाकीच्यासाठी एक सोपी चाळणी लावा. काही गोष्टी चित्रित आहेत : निर्मिती व्यवस्थापक वॉल्टर झाक्सरवर जेवणावरून झालेली आरडाओरड आपण स्वतः पाहतो. काहींना दुसरा साक्षीदार आहे : 'अग्वीरे'त किन्स्कीच्या तलवारीचा वार डोक्यावर बसलेला माणूस पडद्यावर येतो आणि व्रण दाखवतो. आणि काहींना फक्त हर्झोगचा शब्द. तेरा वर्षांचा असताना म्युनिकच्या ज्या घरात तो किन्स्कीबरोबर राहिला, तिथली, किन्स्कीनं न्हाणीघर फोडल्याची अठ्ठेचाळीस तासांची कहाणी या तिसऱ्या गटातली. ती ऐकायला जबरदस्त आहे. पण माहितीपटात त्या घरात दुसरेच लोक राहत असतात, आणि ते फक्त ऐकून घेतात. किन्स्कीच्या आत्मचरित्रात हर्झोगला दिलेल्या शिव्या दोघांनी मिळून शोधल्या, हा दावाही याच गटातला, कारण उत्तर द्यायला किन्स्की नाही.

प्रश्न : किन्स्कीच्या मुलीनं केलेल्या आरोपांनंतर हा माहितीपट पाहावा का?

उत्तर : पाहावा, पण त्यात कोण नाही हे ध्यानात ठेवून. थोरली मुलगी पोला हिनं जानेवारी २०१३ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की वडिलांनी लहानपणापासून अनेक वर्षं तिचं लैंगिक शोषण केलं. धाकट्या नास्तास्यानं बहिणीच्या धैर्याला जाहीर पाठिंबा दिला. माहितीपट चौदा वर्षं आधीचा आहे. एव्हा मॅटेस आणि क्लॉडिया कार्डिनाले त्यात किन्स्कीबद्दल आपुलकीनं बोलतात आणि त्यांचा अनुभव खोटा नव्हे. पण दोघी सहकलाकार आहेत, घरातल्या नव्हेत. 'प्रतिभावंत असाच असतो' हे वाक्य इथे आम्हाला अजिबात मान्य नाही. चित्रपट चांगला होण्यासाठी कुणी मार खाण्याची गरज नव्हती.

प्रश्न : एका दिवंगत, अतिशय तापट नटावर आम्ही माहितीपट करतो आहोत. मुलाखती भरपूर झाल्या, तरी माणूस उभा राहत नाही. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा क्रम चुकला. आधी कच्चं चित्रण गोळा करा : वगळलेले टेक, क्लॅपच्या आधीची आणि 'कट'नंतरची सेकंदं, तालमीचे आवाज. सगळ्याची वेळेनुसार नोंदवही करा आणि मगच मुलाखतींचे प्रश्न ठरवा. 'ते कसे होते?' या प्रश्नाला श्रद्धांजलीच मिळते. 'या टेकच्या आधी ते कुठे उभे होते, कुणाशी बोलत नव्हते, किती टेक झाले?' असं विचारा. शक्य तर मूळ जागी नेऊन विचारा, तिथे लोक हातांनी दाखवू लागतात. प्रत्येक जागी कुणी न बोलता तीस सेकंद नुसता आवाज ध्वनिमुद्रित करा. त्याशिवाय संकलनात जोड लपत नाहीत.

संतापाचा प्रसंग एकदाच, पण पूर्ण ठेवा : भडका उडण्याआधीचं मिनिट, ज्याच्यावर तो उडाला तो माणूस, आणि नंतरची शांतता. खाली संगीत घालू नका, घातलंत की प्रेक्षकाला तो करमणूक वाटतो. तीन-चार भडके ओळीनं लावले तर दुसऱ्यापासूनच लोक हसायला लागतात. ज्याच्यावर ओरडलं गेलं त्याची मुलाखत घेतली नसेल, तर ती आधी घ्या.

परवानग्या सुरुवातीलाच लिहून घ्या. चित्रपटाचा तुकडा, त्यातलं संगीत आणि स्थिरचित्रं यांचे हक्क अनेकदा वेगवेगळ्या लोकांकडे असतात. शेवटच्या आठवड्यात एक हक्क नाकारला गेला तर अख्खा प्रसंग कोसळतो.

प्रश्न : 'अग्वीरे' जर्मनमध्ये पाहावा की इंग्रजीत?

उत्तर : चित्रीकरण इंग्रजीत झालं आणि नंतर संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित केले गेले. जर्मन आवृत्तीत किन्स्कीचा आवाज त्याचा नाही, दुसऱ्या नटाचा आहे, कारण त्या कामासाठी त्यानं मागितलेले पैसे परवडणारे नव्हते. तेव्हा कोणतीही आवृत्ती घ्या, पण 'अग्वीरे'त त्याला जोखायचं ते चाल, मान आणि डोळे यांवरून. आवाज ऐकायचा असेल तर तो 'वॉयझेक'मध्ये ऐका.