घर सोडले, हिशेब राहिला

कायदेविषयक प्रश्नोत्तरे

प्रश्न : पुण्यात कोथरूडला आम्ही अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर राहत होतो. कराराची मुदत १ मार्च २०२४ ते ३१ जानेवारी २०२५ अशी होती. भाडे दरमहा १८,००० रुपये आणि डिपॉझिट ५०,००० रुपये होते. माझी नोकरी सुटल्यामुळे नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी या तीन महिन्यांचे भाडे थकले. मालकांनी करार वाढवण्यास नकार दिला, पण दुसरे घर मिळेना म्हणून आम्ही तेथेच राहिलो. फेब्रुवारीत मी १८,००० रुपये त्यांच्या खात्यावर पाठवले. पुढे सक्षम प्राधिकाऱ्याचा (अशा करारांवरची घरे परत मिळवण्याची प्रकरणे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा) घर रिकामे करण्याचा आदेश झाला आणि ३१ मे रोजी आम्ही चावी दिली. आता वकिलामार्फत २,६१,००० रुपयांची नोटीस आली आहे. तीत थकीत भाडे ५४,०००, दुप्पट दराने चार महिन्यांचे १,४४,०००, घर दोन महिने रिकामे राहिले म्हणून ३६,००० आणि रंगकाम व वकील फी मिळून २७,००० रुपये मागितले आहेत. आमचे वॉशिंग मशीन मालकांनी ठेवून घेतले असून पैसे न दिल्यास तुरुंगात धाडू, असेही ते म्हणतात. घर तर आम्ही सोडले. मग एवढे देणे लागते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : घराचा ताबा देणे आणि पैशांचे देणे फेडणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चावी दिल्याने पहिली गोष्ट संपली, दुसरी संपलेली नाही. मात्र नोटिशीतला आकडा आहे तसा मान्य करण्याचेही कारण नाही.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भाडे थकले म्हणून आपल्याला बाहेर काढले, असे आपल्याला वाटते आणि व्यवहारात ते खरेही असेल. परंतु कागदोपत्री आपल्याला घर सोडावे लागले ते कराराची मुदत संपल्यामुळे. ३१ जानेवारी ही तारीख म्हणूनच हिशेबाच्या मध्यावर रेघ ओढते. तिच्या अलीकडे जे थकले ते करारातल्या दराने देय असलेले शुल्क आहे. तिच्या पलीकडे आपण राहिलात त्याला भाडे म्हणता येत नाही, कारण राहण्याचा हक्कच उरलेला नव्हता. त्या काळासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ ने करारातल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई ठरवून दिली आहे. करारात तसे कलम असो वा नसो, ही आकारणी लागू होते. ‘दुप्पट म्हणजे अन्याय’ असे पुष्कळ वाचक लिहितात, आणि नोकरी गेलेल्या माणसाला ते तसे वाटणे स्वाभाविक आहे; पण हा दर घरमालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही, त्यामुळे त्याच्याशी वाद घालून फारसे काही हाती लागत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. कागद तसाच पडू देणारे भाडेकरू ही संधी गमावतात, आणि मालकाचे म्हणणे मान्य धरले जाऊन आदेश होतो.

तेव्हा ५४,००० आणि १,४४,००० या दोन रकमा मिळून १,९८,००० रुपये हे आपले खरे देणे आहे. त्यातून डिपॉझिटचे ५०,००० आणि फेब्रुवारीत पाठवलेले १८,००० वजा झालेच पाहिजेत. नोटिशीत या दोन्हींचा उल्लेख नाही, हे मला जरा चमत्कारिक वाटते. बँकेचा उतारा जपून ठेवावा. उरतात १,३०,००० रुपये, म्हणजे मागितलेल्या रकमेच्या जवळपास निम्मे.

उरलेल्या मागण्यांपैकी ३६,००० रुपयांच्या मागणीला आधार दिसत नाही. ताबा परत दिल्यानंतर घर किती दिवस रिकामे राहिले याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. करार मध्येच मोडला असता आणि त्यात लॉक-इनची (ठरावीक काळ घर सोडता येणार नाही अशी) अट असती, तर गोष्ट वेगळी होती. आणि तेव्हाही करार कायद्याच्या कलम ७४ नुसार मालकाला वाजवी भरपाईच मिळते, करारात लिहिलेली रक्कम फार तर तिची कमाल मर्यादा ठरते. आपल्या करारापुरता हा प्रश्नच नाही, कारण त्याची पूर्ण मुदत उलटून गेलेली होती. रंगकामाचे म्हणाल तर, रोजच्या वापराने भिंती मळणे हे नुकसान नव्हे. फुटलेले बेसिन किंवा तुटलेले दार असेल तर त्याचे बिल दाखवून मालक खर्च मागू शकतात. वकिलाची फी नोटिशीत लिहिली म्हणून देय होत नाही. खटला चालून न्यायालयाने खर्च देण्याचा हुकूम केला तर तेवढाच द्यावा लागतो. सोसायटी भाड्याने दिलेल्या सदनिकेवर जे बिनभोगवटा शुल्क लावते, तेही करारात वेगळे ठरले नसेल तर मालकाचेच. नोटिशीत त्याची मागणी नाही, पण तडजोडीच्या बैठकीत हा विषय हटकून निघतो, म्हणून लिहिले. महावितरणचे ताबा देईपर्यंतचे वीजबिल मात्र आपणच भरून टाकावे.

आता वसुलीविषयी. सक्षम प्राधिकाऱ्याचे काम ताबा आणि मुदतीनंतरची नुकसानभरपाई एवढ्यापुरते असते. नोव्हेंबर ते जानेवारीच्या थकबाकीसाठी मालकांना पुण्याच्या लघुवाद न्यायालयात दावा लावावा लागेल, आणि तो प्रत्येक महिन्याचे शुल्क देय झाल्यापासून तीन वर्षांत. या मुदतीत आपण देणे मान्य असल्याचे सही करून लिहून दिले, तर तीन वर्षे त्या तारखेपासून पुन्हा मोजली जातात. म्हणून घाईघाईने ‘सर्व रक्कम देईन’ असे काही लिहून देऊ नये.

पैशांचा हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा न्यायालयाचा निकाल, झाला आणि आपण पैसे भरले नाहीत, तर मालक दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून जप्ती मागू शकतात. नोकरदाराच्या पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. समजा नव्या नोकरीत पगार ४२,००० रुपये असेल, तर दरमहा साधारण १३,६६७ रुपयांवरच टाच येऊ शकते, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी अशी जप्ती एकूण २४ महिन्यांपलीकडे चालत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि भविष्य निर्वाह निधी यांना हात लागत नाही. हुकूमनाम्यानंतरचे व्याज अशा घरगुती देण्यावर साधारणतः वार्षिक ६ टक्क्यांच्या वर जात नाही.

वॉशिंग मशीन ठेवून घेण्याचा अधिकार मालकांना नाही. थकबाकीपोटी भाडेकरूची वस्तू अडकवून ठेवायची तर न्यायालयाचा हुकूम लागतो. लेखी पत्र पाठवून ते परत मागावे. तुरुंगाची धमकीही पोकळ आहे. भाडे न देणे हा फौजदारी गुन्हा नाही, त्याचे परिणाम दिवाणी स्वरूपाचे असतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि खरोखर ऐपत नसलेल्या माणसाला केवळ कर्ज फिटले नाही म्हणून दिवाणी कैदेत टाकता येत नाही, हे त्याच न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले होते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. थकबाकीपोटी आपण चेक दिला असेल आणि तो वटला नसेल, तर ते प्रकरण फौजदारी होते. तशी नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरणे हाच त्यावरचा उपाय आहे.

माझ्या मते वकिलामार्फत १,३०,००० रुपयांचा हिशेब मांडून उत्तर द्यावे, हप्ते मागावेत, आणि हे उत्तर तडजोडीसाठी आहे, देणे मान्य केल्याचा कबुलीजबाब नव्हे, असे त्यात नमूद करावे. शेवटचा हप्ता देताना ‘आता कोणतेही येणे बाकी नाही’ अशी सही केलेली पावती घेतल्याशिवाय पैसे हातचे सोडू नयेत.

प्रश्न : गिरगावातल्या आमच्या पागडीच्या (एकरकमी मोठी रक्कम देऊन अल्प भाड्याने घेतलेल्या) दुकानाचे भाडे महिना ३५० रुपये आहे. भाडे थकल्याच्या कारणावरून लघुवाद न्यायालयाने आमच्याविरुद्ध हुकूमनामा दिला. आम्ही अपील केले, तर स्थगितीसाठी दरमहा ४०,००० रुपये जमा करा, असा आदेश झाला. भाडे ३५० असताना हा आकडा कोठून आला? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : ३५० रुपये हे भाडे आपण भाडेकरू होतात तोवरचे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आत्माराम प्रॉपर्टीजच्या खटल्यात असे ठरवले की भाडे नियंत्रणाखालील जागेतही निष्कासनाचा (जागा खाली करण्याचा) हुकूमनामा होताच भाडेकरूपण संपते, आणि त्यानंतर जागा वापरायची तर ती बाजारात ज्या दराने गेली असती त्या दराने भरपाई द्यावी लागते. २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा उचलून धरले. जुन्या चाळींतल्या दुकानदारांना हा निर्णय फार जड जातो, हे खरे आहे. अपीलात वर्षे काढताना जुनेच भाडे भरत राहण्याची सवलत आता मिळत नाही.

आकड्याबद्दल मात्र आपल्याला भांडता येते. शेजारच्या, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या आणि त्याच मजल्यावरच्या दुकानांच्या नोंदणीकृत करारांचे इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातले कराराचे उतारे) काढून दाखल केले, तर रक्कम कमी करून मागता येईल. अपील जिंकल्यास जमा रकमेचे काय व्हायचे, तेही आदेशातच स्पष्ट करून घ्यावे. मूळ दाव्यात समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत सर्व थकबाकी १५ टक्के साध्या व्याजासह व दाव्याच्या खर्चासह भरून पुढचे भाडे नियमित दिले असते, तर हा हुकूमनामा होऊच शकला नसता. आपल्या वकिलांनी तेव्हा काय अर्ज केले होते, ते अपीलात जरूर तपासावे.

प्रश्न : वडिलांविरुद्ध थकीत भाड्याचा २,३०,००० रुपयांचा हुकूमनामा झाला होता. ते वारले. त्यांच्या खात्यात ६०,००० रुपये होते, ते आणि भविष्य निर्वाह निधी आईला मिळाला. मालक आता मला आणि आईला पैसे मागतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मृताच्या वारसांवर त्याचे देणे येते ते त्यांच्या हाती आलेल्या त्याच्या मालमत्तेपुरतेच. म्हणजे मालकांना खात्यातल्या ६०,००० रुपयांवर हक्क सांगता येईल. आपल्या पगारावर किंवा आईच्या स्वतःच्या दागिन्यांवर नाही. नामनिर्देशित व्यक्तीला मिळालेला भविष्य निर्वाह निधी तर मृताच्या देण्यांपासून मुक्तच असतो. फक्त मूळ करार एकदा काढून पाहावा, कारण त्यावर आईची सही सहपरवानाधारक (वडिलांबरोबर घर घेणारी) म्हणून असेल आणि हुकूमनाम्यातही तिचे नाव प्रतिवादी म्हणून असेल, तर ते देणे तिचे स्वतःचेही ठरते.