पैसे भरण्याआधी एवढे करून पाहा
कोडिंगच्या ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी कर्ज काढण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे मी तुम्हाला मनापासून सांगेन. हार्वर्डच्या सीएस५० या संगणकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाची आणि आपल्या आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाची व्याख्याने विनामूल्य आहेत; एनपीटीईएलमध्ये शुल्क लागते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी. आधी ३ महिने रोज तासभर त्यांचा अभ्यास करून घरखर्चाची नोंद ठेवणारे एखादे छोटे ॲप स्वतः लिहा. मुलाखती घेताना मी पाहिले आहे की, प्रमाणपत्रांची चळत घेऊन आलेला उमेदवार पडद्यावर एरर दिसताच गोंधळतो, आणि ज्याने रात्र जागून अशा चुका स्वतः शोधलेल्या असतात, तो एररमध्ये दिलेल्या ओळ क्रमांकापासून शांतपणे वाचायला लागतो. पैसे मोजायचेच असतील, तर तुमचा कोड ओळ न् ओळ तपासणारा मार्गदर्शक जेथे मिळेल तेथेच मोजा, आणि शुल्क परत मिळण्याच्या अटी आधी लेखी घ्या.