स्क्रूटिनी म्हणजे चौकशी का?

प्रश्न: बातम्यांमधे सारखं 'अंडर स्क्रूटिनी' येतं, म्हणजे त्या माणसाची चौकशी चालू आहे असंच समजायचं का?

उत्तर: नाही, आणि ही गल्लत खूप जण करतात. चौकशी किंवा तपासाला इन्वेस्टिगेशन म्हणतात, तिथे काहीतरी घडलेलं असतं आणि ते कोणी केलं, कसं केलं हे शोधायचं असतं. स्क्रूटिनी म्हणजे एखादी गोष्ट बारकाईने, कानाकोपरा न सोडता पाहणं, त्यात चूक सापडेलच असं नाही, त्यामुळे अंडर स्क्रूटिनी म्हटलं की लगेच माणूस दोषी धरू नका प्लीज.

मराठीत छाननी हा शब्द अगदी फिट बसतो. उमेदवारी अर्जांची छाननी म्हणतो ना, तीच ही. मला याचं मूळ फार आवडतं, लॅटिनमधे 'स्क्रूटा' म्हणजे चिंध्या, टाकाऊ वस्तू आणि त्या ढिगात हात घालून उलटंपालटं करत शोधणं म्हणजे 'स्क्रूटारी', त्यातून हा शब्द आला. आपल्याकडेही छानणं म्हणजे चाळणं, गाळणंच की!

वापरताना एक लक्षात ठेवा, क्रियापद 'स्क्रूटिनाइझ' आहे आणि त्याच्यापुढे 'ऑफ' लागत नाही, थेट 'स्क्रूटिनाइझ द रिपोर्ट' म्हणायचं. नाम असेल तर मात्र 'स्क्रूटिनी ऑफ द रिपोर्ट'. एखादा दावा खोलात गेल्यावर टिकत नसेल तर 'डझ नॉट स्टँड अप टू स्क्रूटिनी' म्हणतात. आणि ज्याच्या चेहऱ्यावरून मनातलं काहीच कळत नाही तो 'इनस्क्रूटेबल', हाही याच घरातला शब्द.