हाताने चालवलेला बॅकअप नेटवर्क ड्राइव्हवर होतो, पण रात्री ठरलेल्या वेळी होत नाही, असे का?

आपण लिहिले आहे की बॅच फाइलवर (आज्ञा लिहून ठेवलेल्या फाइलवर) डबल क्लिक केले की रोबोकॉपी, म्हणजे विंडोजमधली फाइली कॉपी करणारी आज्ञा, सगळा डेटा झेड ड्राइव्हवर नेते. ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरने रात्री तीच फाइल चालवली की काहीच जात नाही, आणि त्याच्या हिस्टरीत मात्र काम यशस्वीरीत्या संपल्याची नोंद असते. बॅच फाइलमधून झेड काढून टाका आणि त्या जागी \\सर्व्हर\शेअर असा पूर्ण पत्ता लिहा. मॅप केलेला, म्हणजे नेटवर्कवरच्या जागेला झेडसारखे अक्षर देऊन जोडलेला, ड्राइव्ह संगणकाचा नसतो, ज्याने लॉग-इन केले त्याच्या सत्राचा असतो. कोणी लॉग-इन नसतानाही चालावा असा लावलेला टास्क वेगळ्या सत्रात चालतो आणि तिथे झेड नसतोच.

हेच मी एका लेखापरीक्षण कार्यालयात सांगून थकलो होतो. संगणकांची देखभाल माझ्याकडे होती, पण नॅस (नेटवर्कला जोडलेली डेटा साठवण्याची पेटी) आणि बॅकअप पुरवठादाराने बसवून दिले होते. त्यांचे तंत्रज्ञ येत, स्वतः डबल क्लिक करत, काळ्या खिडकीत फाइलींची नावे सरकताना दाखवत आणि ‘बघा, चालतंय, अडचण तुमच्या नेटवर्कची आहे’ असे सांगून निघून जात. मोठ्या सरांना डोळ्यांसमोर चाललेले दिसे, त्यामुळे माझे म्हणणे त्यांना आडमुठेपणाचे वाटे. पुढे ऐन ऑडिटच्या हंगामात एका अशिलाचा टॅलीचा डेटा उघडेना, म्हणून नॅसवरचे फोल्डर पाहिले, तर त्यातली सर्वांत नवी फाइल तंत्रज्ञांच्या शेवटच्या भेटीच्या दिवसाची निघाली.

तरीही तंत्रज्ञांनी हिस्टरीतल्या १०२ क्रमांकाच्या नोंदीवर बोट ठेवले. ती नोंद टास्क संपला एवढेच सांगते. आत काय घडले ते २०१ क्रमांकाच्या नोंदीतल्या रिटर्न कोडवरून कळते. आमच्याकडे तो कोड १६ होता आणि रोबोकॉपीच्या लॉगमध्ये रोज रात्री ‘एरर ३’, म्हणजे दिलेला मार्ग सापडत नाही, असे स्पष्ट लिहिलेले होते. तो लॉग छापून मी सरांच्या टेबलावर ठेवला. रोबोकॉपीचा कोड ७ पर्यंत असेल तर कॉपीत बिघाड नसतो (१ म्हणजे फाइली नीट गेल्या, त्याला चूक समजू नये). ८ किंवा त्याहून मोठा असेल तर काहीतरी राहिले आहे आणि १६ म्हणजे काहीच गेलेले नाही.

पत्ता बदलूनही अडले तर टास्कमधल्या पासवर्ड न साठवण्याच्या पर्यायावरची खूण काढा, कारण ती असेल तर टास्कला नेटवर्कवरचे काहीच उघडता येत नाही. रोबोकॉपीला /आर (किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा) आणि /डब्ल्यू (दोन प्रयत्नांत किती सेकंद थांबायचे) हे आकडे स्वतः द्या. न दिल्यास अडलेल्या एका फाइलसाठी ती ३० सेकंदांच्या अंतराने १० लाख वेळा प्रयत्न करते, आणि कोणी रात्री टॅली उघडी ठेवून घरी गेले की दुसऱ्या दिवशीही टास्क चालूच दिसतो.

माझे मत ठाम आहे: बॅकअप बसवणाऱ्याने रात्रीचा टास्क आपोआप चालू द्यावा, सकाळी येऊन नॅसवरून एक फाइल परत आणून उघडून दाखवावी, आणि मगच बिल द्यावे. डबल क्लिक करून दाखवणे ही चाचणी नव्हे, हे त्या कार्यालयात मान्य व्हायला अशिलाचा डेटा जावा लागला, याचा मला अजूनही राग येतो.

दोन गोष्टी राहिल्या. आपल्या बॅच फाइलमध्ये /एमआयआर (हुबेहूब प्रत ठेवण्याचा पर्याय) असेल तर मूळ जागी पुसलेली फाइल नॅसवरूनही पुसली जाते, त्यामुळे निदान एक जुनी प्रत वेगळी ठेवा. आणि नॅस फार जुना, फक्त एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याचा जुना प्रोटोकॉल) समजणारा असेल, तर वरचे उपाय पुरणार नाहीत. २०१७ मधल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये तो प्रोटोकॉल सहसा आधीपासून बसवलेला नसतो. तो पुन्हा चालू करण्यापेक्षा नॅस बदलावा.