लाल मातीवरची नवी सायकल : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पुढे फोर्क आणि मागे शॉक, अशा दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या ट्रेल सायकलींबद्दल सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : उंची ५ फूट ७ इंच, वजन ७० किलो. रविवारी येळ्ळूरकडची टेकाडे आणि जांबोटी रस्त्यालगतच्या कच्च्या वाटा, एवढेच माझे फिरणे. दुकानदार १३० मिमी ट्रॅव्हलची नवी ट्रेल सायकल घ्या म्हणतो. ओळखीचे एक जण १६० मिमीची वापरलेली एंड्युरो तेवढ्याच पैशांत द्यायला तयार आहेत. ट्रॅव्हल जास्त तेवढी सायकल चांगली ना? आणि साइज एम घ्यावी की एल? (वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

नाही. ट्रॅव्हल म्हणजे सस्पेन्शनवर चाक जास्तीत जास्त किती वर-खाली होते ते अंतर. १६० मिमीची सायकल लांब, तीव्र, खडकाळ उतारांसाठी असते. तुम्ही लिहिलेल्या वाटांवर चढ-उतार सारखे बदलतात आणि निम्मा वेळ पेडल मारण्यात जातो. तिथे ती जड वाटेल आणि तिचे अर्धे सस्पेन्शन वापरलेच जाणार नाही. आपल्या भागाला मागे १२० ते १४० आणि पुढे १३० ते १५० मिमी भरपूर झाले. उरलेला पैसा ब्रेक आणि टायरवर घाला, फरक तिथे कळतो.

साइज नुसत्या उंचीवर ठरवू नका. कंपनीच्या तक्त्यात 'रीच' हा आकडा पाहा, म्हणजे क्रँक ज्याभोवती फिरतात त्या आसापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर. तुमच्या उंचीला साधारण ४४० ते ४६० मिमी रीच बरा, आणि बहुतेक कंपन्यांत ती साइज एम निघते. सीटची दांडी पूर्ण खाली जाते का, हेही पाहा. अंगठ्याच्या लिव्हरने खाली-वर होणारी ड्रॉपर सीटपोस्ट हवीच, आणि ती किमान १५० मिमीची असावी. ती नसलेली स्वस्त फुल सस्पेन्शन घेण्यापेक्षा त्याच पैशांत चांगले ब्रेक आणि ड्रॉपर असलेली हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) घ्या, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी तीन गोष्टी दुकानातच विचारा. डिस्क पुढे-मागे किमान १८० मिमीच्या आहेत का? रिम ट्यूबलेसला चालतात का? मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, यूडीएच (अनेक कंपन्यांना चालणारा एकाच मापाचा) आहे का? हा हँगर २०१९ पासून अनेक कंपन्यांनी स्वीकारला आहे, त्यामुळे तो मिळवणे सोपे जाते. कुठलाही असो, एक जादा हँगर सायकलीबरोबरच घ्या. सायकल उजव्या बाजूला पडली की पहिल्यांदा तोच वाकतो. बिलावरही नजर टाका : २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

वापरलेली घेणारच असाल, तर सीट धरून मागचे चाक जमिनीवरून हळू उचला. उचलताना 'टक्' असे जाणवले तर शॉकच्या बुशिंगमध्ये किंवा फ्रेमच्या सांध्यात ढिलाई आहे. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा असेल, तर सील पुन्हा पुन्हा गळणार. फ्रेमची वॉरंटी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते.

प्रश्न : सायकल कालच घरी आली. दुकानात शॉकमध्ये 'हवा बरोबर आहे' म्हणाले, पण बसल्यावर ती कडक वाटते आणि खड्ड्यात मागून उचलून फेकते. सस्पेन्शन खराब आहे का? (वाचक, खानापूर)

खराब नाही, तुमच्या वजनाला जुळवलेले नाही. दुकानदाराने भरलेली हवा कुणाच्या तरी वजनाची असते. हे काम एका संध्याकाळी घरीच होते, फक्त शॉक पंप लागतो. साधा फ्लोअर पंप चालत नाही. शॉकमध्ये थोड्याशा हवेलाच २०० पीएसआयच्या आसपास दाब येतो, आणि तो बारीक बदलता आला पाहिजे.

मोजायचा आहे तो 'सॅग', म्हणजे तुम्ही नुसते बसल्यावर सस्पेन्शन किती दबते ते. मागे २८ ते ३० टक्के आणि पुढे १५ ते २० टक्के धरा. मागचे टक्के शॉकच्या स्ट्रोकवर, म्हणजे शॉक स्वतः जास्तीत जास्त किती दबतो त्यावर काढतात, चाकाच्या ट्रॅव्हलवर नव्हे. शॉकवर ५५ मिमी स्ट्रोक लिहिला असेल, तर शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग साधारण १५.५ ते १६.५ मिमी सरकली पाहिजे. फोर्क १४० मिमीचा असेल तर २१ ते २८ मिमी.

सुरुवातीला तुमचे वजन पौंडांत काढून तेवढे पीएसआय शॉकमध्ये भरा. ७० किलोला १५५ च्या जवळपास. दर ५० पीएसआयनंतर पंप काढून शॉक दहाबारा वेळा सावकाश दाबा, म्हणजे आतल्या दुसऱ्या कप्प्यात हवा पोचते. ही पायरी गाळली तर सगळी मापे खोटी येतात, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. पंप लावताच काटा थोडा उतरतो, कारण नळीत हवा जाते. काढताना फुस्स होते ती नळीतली हवा, शॉकमधली नव्हे. घाबरून पुन्हा भरत बसू नका.

आता हेल्मेट, बूट, पाण्याची पाठपिशवी, सगळे अंगावर घ्या. भिंतीला कोपर टेकवून बसा, मग पेडलवर उभे राहा, पुन्हा सावकाश बसा. दुसऱ्या माणसाला रिंग सीलला लावायला सांगा आणि न उसळता उतरा. रिंग कमी सरकली असेल तर ५ पीएसआय काढा, जास्त सरकली असेल तर ५ घाला. फोर्कचा पहिला आकडा त्याच्या पायावरच्या तक्त्यात मिळतो.

मागून फेकण्याचे दुसरे कारण रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत वर येण्याचा वेग. शॉकवरची लाल गुंडी पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजत उघडा. पदपथाच्या कडेवरून बसूनच खाली उतरा : सीट एकदा वर येऊन स्थिर झाली तर बरोबर. दोनदा डोलली तर एक क्लिक बंद करा. उलट, लागोपाठच्या दगडांवर सायकल खाली खाली बसत कडक होऊ लागली, तर रिबाउंड फार मंद आहे, एक क्लिक उघडा. शेवटचे आकडे शॉकच्या अंगावर पट्टी लावून लिहून ठेवा. चढावर शॉक कडक करणारी लिव्हर बंद करून राजहंसगडाचा डांबरी चढ चढलात, तर उतरण्याआधी ती उघडायला विसरू नका. 'शॉक बिघडला' या तक्रारींमागे पुष्कळदा हीच लिव्हर असते.

प्रश्न : नवे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक किंचाळतात आणि नीट पकडत नाहीत. शिवाय डावी लिव्हर दाबली की पुढचे चाक थांबते, माझ्या मोटारसायकलच्या उलटे. (वाचक, संकेश्वर)

उत्तराची सुरुवात दुसऱ्या मुद्द्याने करतो, कारण तो धोक्याचा आहे. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, मोटारसायकललाही. काही आयात सायकली डाव्या हाताला पुढचा ब्रेक घेऊन येतात. घसरणीवर घाबरलेला हात सवयीनेच चालतो आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. दुकानात नळ्या अदलाबदल करून घ्या, त्याआधी वाटेवर जाऊ नका.

किंचाळण्याचे कारण बहुधा पॅड न मुरणे. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा चढला की पकड येते. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी १५ किमीच्या आसपास वेग घेऊन चालण्याच्या वेगापर्यंत एकसारखा दाब देत आणा. पूर्ण थांबू नका, चाक लॉक करू नका, नाहीतर एकाच जागी थर बसून ब्रेक धडधडतो. प्रत्येक ब्रेकने वीस वेळा, मग ताशी २५ वरून दहा वेळा.

एवढे करूनही आवाज राहिला तर बहुधा डिस्कला तेल लागले आहे. चेनवर फवारलेले तेल हे नेहमीचे कारण. औषधाच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ कापडावर घेऊन डिस्क पुसा. पॅडमध्ये तेल मुरले असेल तर नवे घ्या. पावसाळी चिखलात मेटल पॅड जास्त टिकतात, पण डिस्कवर 'फक्त रेझिन पॅड' असे छापले असेल तर मेटल पॅड तिच्यावर घालू नका.

प्रश्न : निपाणीच्या शिवारात फिरतो. पंधरवड्यात चार पंक्चर. बाभळीचा काटा आणि सराटे. ट्यूबलेस केले तर सुटेन का? हवा किती ठेवू? (वाचक, निपाणी)

बऱ्याच अंशी सुटाल. २९ इंची, २.४ रुंदीच्या टायरला १०० ते १२० मिलि सीलंट घाला, लॅटेक्सचे, सायकलसाठीचे. मोटारसायकलचे घट्ट जेल टायरमध्ये नीट फिरत नाही. आपल्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकते. चाक कानाजवळ हलवा, खळखळ ऐकू आली नाही तर ६० मिलि आणखी. मोठ्या काट्याच्या भोकाला रबरी प्लग लागतो, तो जवळ ठेवा. सराटा टायरमध्ये दिसला तर रानात उपटत बसू नका. घरी आल्यावर काढा आणि भोक खालच्या बाजूला करून चाक फिरवा.

७० किलो वजनाला पुढे २१ ते २३, मागे २४ ते २६ पीएसआय. वजनात दर ५ किलोला एखादा पीएसआय वर-खाली. टायर कडक ठेवला तर जांभ्याच्या गोट्यांवरून घसरतो, फार सैल ठेवला तर दगडावर रिम आपटते. पेट्रोल पंपावरचे तोंड तुमच्या बारीक तोंडाच्या प्रेस्टा व्हॉल्व्हला थेट बसत नाही, छोटा अडॅप्टर खिशात ठेवा. निपाणी-चिकोडीची काळी माती ओली असताना मात्र कुठलाही टायर चालत नाही. ती चाक आणि फ्रेममध्ये बसून चाकच अडवते, हँगर मोडतो. पाऊस पडून गेल्यावर बांधावरून जाण्यापेक्षा एक-दोन दिवस थांबा.

प्रश्न : पहिल्यांदा कच्च्या वाटेवर नेताना काय सांभाळावे? आणि कणकुंबीकडच्या जंगलात नेता येईल का? (वाचक भगिनी, जांबोटी)

पहिल्या फेरीला अर्धा तास पुरे, वाट ओळखीची असू द्या. निघण्याआधी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हेडसेटमध्ये (हँडल फिरते त्या सांध्यात) ढिलाई जाणवली तर आधी आवळा. हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट साधारण ५, डिस्कचे ६ न्यूटन मीटर. भागावर वेगळा आकडा छापला असेल तर तोच खरा. डावे पेडल उलट्या आट्याचे असते, ते चुकीच्या दिशेने आवळून क्रँक खराब केलेल्या बऱ्याच सायकली दुरुस्तीला येतात.

उतारावर सीट खाली घ्या, दोन्ही पेडल आडव्या पातळीत ठेवा आणि वजन पायांवर द्या. फुल सस्पेन्शन बसल्यावर खाली दबते, त्यामुळे दगडी वाटेवर पेडल मारताना ते दगडाला लागते. सस्पेन्शन नसलेल्या सायकलीची सवय असेल तर हे पहिल्या दिवशी हमखास होते. खाली कडक जांभा आणि वर सुटे गोटे, अशा वळणावर ब्रेक वळणाआधी संपवा. वळणातच दाबलात तर पुढचे चाक जाते. ब्रेकला एकच बोट, बाकीची बोटे हँडलवर.

कणकुंबीकडे भीमगड अभयारण्य आहे, ते २०११ मध्ये जाहीर झाले. अस्वल, वाघ, गवे असलेले हे जंगल आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथल्या पायवाटांवर सायकल नेऊ नका. गावच्या वहिवाटीच्या वाटाही चिखलात कापल्या जातात, म्हणून जोराच्या पावसात सायकल घरीच बरी.

चार-पाच फेऱ्यांनंतर गिअरची केबल बसते आणि गिअर उड्या मारू लागतात, ते केबलच्या टोकाच्या फिरत्या गुंडीने (बॅरल अ‍ॅडजस्टर) नीट होते. त्याच वेळी फ्रेमच्या सांध्यांचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. बहुतेक करकर तिथूनच येते. धुताना प्रेशर जेट सांधे, हब आणि सीलवर मारू नका. फोर्कच्या खालच्या भागाचे तेल साधारण ५० तासांनी बदलतात, लाल चिखलात त्याआधीच. मोठ्या सर्व्हिससाठी फोर्क-शॉक पुण्याला किंवा बेंगळुरूला पाठवावा लागेल असे धरूनच चाला, आणि तो पावसाळ्यात पाठवा.

प्रश्न : गाडीत घालायला पुढचे चाक काढले. घरी येऊन लावताना ते डिस्कजवळ बसेचना. काय मोडले? (वाचक, गोकाक)

काही मोडले नाही. चाक नसताना कुणीतरी लिव्हर दाबली आणि पॅड एकमेकांना येऊन भिडले. प्लॅस्टिकचा रुंद टायर-लिव्हर मध्ये घालून दोन्ही पॅड हलक्या हाताने मागे ढकला. पुढच्या वेळी चाक काढले की लगेच पिवळा स्पेसर किंवा पुठ्ठ्याची घडी पॅडमध्ये अडकवा. सायकल उलटी, हँडलवर उभी करून नेऊ नका. ब्रेकच्या टाकीतली हवा नळीत शिरते आणि लिव्हर मऊ पडते. तशी पडलीच तर सायकल रात्रभर चाकांवर उभी ठेवून लिव्हर थोडी थोडी दाबून पाहा. तरीही मऊ राहिली तर ब्लीड करून, म्हणजे नळीतली हवा काढून घ्या, आणि त्याआधी लिव्हरवरचे नाव वाचा : मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट हे दुसऱ्या प्रकारचे ब्रेक ऑइल घातले तर सील फुगून ब्रेक बदलावाच लागतो.